घाट, सडा आणि बोगदा : साय-फाय गेमचा नकाशा आखताना

पुण्याहून साताऱ्याला येताना खंबाटकीचा घाट, परत जाताना बोगदा, ही इथली जुनी रचना. मध्येच विचार बदलला म्हणून गाडी वळवता येत नाही. चाळकेवाडीच्या सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या मोकळ्या पठारावर मात्र दिसेल त्या पवनचक्कीकडे तोंड करून चालू लागा, कोणी अडवत नाही. साय-फाय साहसी गेम आखताना खेळाडूला घाटात, म्हणजे एकाच ठरलेल्या वाटेवर, कधी ठेवायचं आणि सड्यावर, म्हणजे मोकळ्या भागात, कधी सोडायचं, हे पहिलं एक मॉडेल बनवण्याआधी ठरलेलं असावं.

नवशिक्यांची ठरलेली चूक म्हणजे दोन किलोमीटर लांब-रुंद परका ग्रह. गोडो इंजिन या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये पात्राच्या हालचालीचा तयार कोड-साचा मिळतो, त्यात पात्राचा वेग सेकंदाला ५ मीटर असतो. म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकाला ४०० सेकंद, जवळजवळ सात मिनिटं नुसती पायपीट. पहिल्या गेमला २०० बाय २०० मीटरचा सडा भरपूर झाला, तो ४० सेकंदांत ओलांडता येतो. सुरुवातीला एक छोटा घाट ठेवा : कोसळलेलं यान, एकच अरुंद वाट, चालणं-उडी-दार उघडणं एवढं शिकवणारी तीन-चार मिनिटं. पुढे सडा आणि त्यावर तीन ठिकाणं. शेवटी बोगदा.

ठिकाणं तीनच का? तीन ठिकाणं कोणत्याही क्रमाने पाहता आली तर ६ क्रम होतात, आणि ते सहाही स्वतः खेळून तपासता येतात. चार केलीत तर २४, पाच केलीत तर १२०. तिथे तपासणी सुटते आणि गेम अडकतो.

आता कागद घ्या. ठिकाणाला गोल, वाटेला रेघ, आणि रेघेवर ती वाट उघडायला काय लागतं ते लिहा. कुलूप नेहमी दाराचंच असतं असं नाही. ‘सबनॉटिका’ या गेममध्ये (२०१८) समुद्र चहूबाजूंनी मोकळा आहे, पण सीमॉथ ही छोटी पाणबुडी सुधारणा न करता २०० मीटरच्या खाली टिकत नाही. तिथे खोली हेच कुलूप, आणि रेडिओवरचे निरोप हळूच दिशा देतात. ‘आउटर वाइल्ड्स’मध्ये (२०१९) यान हाती आल्यावर सगळी ग्रहमाला खुली असते. अडवतं ते फक्त अज्ञान, आणि दर २२ मिनिटांनी काळ मागे फिरतो. एकाच मालिकेतला फरक बघायचा तर ‘सुपर मेट्रॉइड’ (१९९४) आणि ‘मेट्रॉइड फ्यूजन’ (२००२) लागोपाठ खेळा. पहिला कुठे जायचं ते सांगत नाही, दुसरा नेव्हिगेशन खोलीत बसवून पुढचा मुक्काम दाखवतो. दोन्ही चांगले आहेत. पण ज्ञानाचं कुलूप बनवायला सगळ्यात अवघड, कारण एकदा कळलं की संपलं. पहिल्याच गेमला ते नको.

क्षमतेचं कुलूप, म्हणजे पात्राला नवी ताकद मिळाल्यावरच उघडणारी वाट, मोजून बनवता येतं, म्हणून त्यावर थोडं थांबू. त्याच साच्यात उडीचा वेग ४.५ आणि गुरुत्व ९.८ असतं. हिशेब केला तर उडीची उंची साधारण १.०३ मीटर, हवेतला वेळ ०.९२ सेकंद आणि अंतर ४.६ मीटर येतं. खेळाडूला सापडणारी किल्ली ‘अर्धं गुरुत्व’ ठेवली की उंची २.०७ आणि अंतर ९.२ मीटर होतं. म्हणजे १.६ मीटरची भिंत हे कुलूप झालं : आधी जमणार नाही, नंतर सहज जमेल. दरी ७ मीटरची ठेवा. ५ मीटरची ठेवलीत तर पात्राच्या कॅप्सूलची (टक्कर मोजायला पात्राभोवती असलेल्या अदृश्य आकाराची) त्रिज्या अर्धा मीटर असल्याने ते अगदी कडेवरून सुटतं, पलीकडच्या कडेला टेकतं आणि एखादा खेळाडू किल्लीशिवाय पार होतो. जे किल्ली मिळाल्यावरही बंदच राहायला हवं, तिथे १२ मीटर.

ग्रह चंद्रासारखा वाटावा म्हणून गुरुत्व १.६२ केलंत तर उडी सव्वासहा मीटर उंच जाते आणि आखलेली सगळी कुलपं एका फटक्यात उघडतात. आकडे आधी ठरवा, भिंती नंतर उभ्या करा. सजावटीचे दगडही असाच घात करतात. भिंतीला टेकून ०.८ मीटरचा जांभ्याचा दगड ठेवला की त्यावरून १.८३ मीटरपर्यंत पोचता येतं, आणि भिंत फुकट जाते. उताराचंही तेच : ४५ अंशांपर्यंतचा चढ पात्र मूळ सेटिंगमध्ये चालतच चढतं. मांडणी आधी करड्या ठोकळ्यांनी करा. त्यासाठी गोडोतला सीएसजीबॉक्स-थ्रीडी हा तयार ठोकळा वापरताना ‘यूज कोलिजन’ (ठोकळा पात्राला अडवेल) ची खूण करायला विसरू नका, नाहीतर पात्र जमिनीतून खाली पडत राहील.

लिंबची बारा मोटांची विहीर पाहिली असेल तर एक गोष्ट लगेच पटेल : काठावरून पाणी दिसतं, पण खाली पोचायला पायऱ्यांचीच वाट धरावी लागते. कुलूप असंच आधी दाखवा, किल्ली मागाहून द्या. उलट झालं तर किल्ली कशासाठी आहे हेच खेळाडूला कळत नाही. दिशेसाठी बाण नकोत. साताऱ्यात वाट चुकलेला माणूस मान वर करून अजिंक्यतारा कुठे आहे ते बघतो. सड्याच्या मध्याजवळ ३० मीटरचा एक मनोरा उभा करा, आणि धुकं इतकं दाट ठेवू नका की तोच दिसेनासा होईल.

मोकळ्या भागात कथा विस्कटते ती संवादांमुळे. समजा तीन ठिकाणांपैकी एक वेधशाळा आहे. खेळाडू तिथे सगळ्यात शेवटी पोचला तरी त्याच्याशी रेडिओवरून बोलणारी सहकारी ‘इथे आधी कोणीतरी होतं वाटतं!’ म्हणून दचकते, आणि खेळाडूला तर ते केव्हाच माहीत असतं. उपाय सोपा आहे. कथेचे टप्पे ठिकाणाला बांधू नका, मोजणीला बांधा. पहिला पुरावा, दुसरा पुरावा, तिसरा पुरावा, मग तो कुठेही सापडो. ठिकाणाला फक्त त्या जागेचं वर्णन. मोजणी ऑटोलोड स्क्रिप्टमध्ये, म्हणजे गेमभर चालू राहणाऱ्या कोडमध्ये ठेवा, दृश्य बदललं की ती पुसली जाता कामा नये.

एकदिश उतार, म्हणजे खाली उडी मारता येते पण परत चढता येत नाही अशी जागा, आखताना विचारा : इथे सगळ्यात कमी सामान घेऊन पोचलेला खेळाडू बाहेर कसा पडेल? उत्तर नसेल तर तिथेच किल्ली ठेवा, नाहीतर उतार काढून टाका.

चाचणीला पाचजण पुरतात. भावंडांना बसवणार असाल तर स्वतः मागच्या खुर्चीत गप्प बसा. ‘अरे, डावीकडे जा’ एवढं बोललात तरी ती फेरी वाया गेली. हातात छापील नकाशा घ्या आणि दर ३० सेकंदांनी खेळाडूची जागा पेन्सिलने टिपा. पाचही रेषा एकाच ठिकाणी आधी गेल्या तर सडा नावालाच आहे : ते ठिकाण झाकलं जाईल असं काही मध्ये आणा किंवा बाकीची दोन जास्त उठून दिसू द्या. दोघं-तिघं एकाच जागी दोन मिनिटांहून जास्त फिरत राहिले तर तिथे कुलूप दिसतंय, पण ते कुलूप आहे हे कळत नाहीये.

बोगदा तिन्ही पुरावे मिळाल्यावरच उघडा. तोंडाशी ‘इथून परत येता येणार नाही’ हे सहकारीच्या तोंडून एकदा स्पष्ट येऊ द्या आणि ऑटोसेव्ह वेगळ्या स्लॉटमध्ये करा, म्हणजे राहिलेला कोपरा बघायला खेळाडूला पुन्हा सड्यावर येता येईल.