अमेरिकेतल्या ओहायो नदीतून बिऱ्हाड हलवताना: 1805 च्या सुमारास पिट्सबर्गहून निघणाऱ्या विधवेसाठी

आधी कोर्टाचा कागद, मग नाव, म्हणजे होडी. नवऱ्याच्या मालमत्तेचा कारभार रीतसर हातात येण्याआधी काही विकलं, तर सावकार किंवा मुलांच्या वाट्यावरून भांडणारे नातलग व्यवहार अडवतात. विधवेला स्वतःच्या नावावर करार करता येतो, सधवेला नाही. पुन्हा लग्न झालं की रोकड, गुरं, सामान नव्या नवऱ्याचं होतं. वाटेत स्थळ आलंच, तर हे आठवावं.

नाव सपाट बुडाची घ्यावी. दर लांबीच्या फुटाला 1 ते सव्वा डॉलर. म्हणजे 35-40 फुटी नावेला साधारण 35-50, आणि दोर, पंप, चुलीचे वरचे 10. पैसे देण्याआधी नावेत उतरून बुडाची फळी अन् फळी सुरीने टोचून पाहावी. सुरी सहज रुतली, तर लाकूड कुजलेलं आहे. कारागीर त्यावर डांबर फासून खपवतात, आणि पहिल्याच धक्क्याला फळी फुटते. फटींत डांबरात भिजवलेला दोराचा चोथा घट्ट ठोकलेला हवा. गुरं एका टोकाला, माणसं दुसऱ्या. चूल वाळूच्या थरावर.

निघायचं ते नदी चढल्यावर, बर्फ वाहून गेलं की वसंतात, नाहीतर शरदात पाऊस झाल्यावर. ऑगस्टमध्ये नाव वाळूत बसते आणि दिवसचे दिवस हलत नाही. सिनसिनाटीला उतरायचं असेल, तर तिथपर्यंत सुमारे 470 मैल. रात्री थांबत गेलं तर चांगल्या पाण्याला दहा-बारा दिवस. लुइव्हिलचा धबधबा त्याच्याही पुढे, म्हणून या वाटेवर त्याची धास्ती नाही.

खरी मेख बेटांची. बेट दिसताच, लांबूनच, कोणत्या बाजूने जायचं ते ठरवून वल्ही मारायला लागावं. जवळ गेल्यावर ओढ नावेला थेट बेटाच्या टोकावर अडकलेल्या झाडांत नेते. थोरल्या मुलाला सुकाणूवर ठेवायचं असेल, तरी नदी माहीत असलेला एक माणूस पगारावर घ्यावाच. इथे काटकसर नको.

रात्री काठाला बांधल्यावर एकाने जागं राहावं. पाणी उतरू लागलं, तर नाव खुंटावर टेकते, एका बाजूला कलते आणि पाणी भरतं. तासातासाला बांबूसारख्या लांब काठीने तिला खोल पाण्याकडे ढकलत राहायचं.

जमीन सरकारकडून घ्यायची, तर कमीत कमी 160 एकर, 2 डॉलर एकरी. पैकी 80 डॉलर सुरुवातीला, बाकी हप्त्यांनी. तेवढे शिलकीत ठेवूनच नावेचा भाव करावा. उतरल्यावर नाव मोडायची: फळ्यांपासून घराची जमीन नि दारं होतात.