‘जमलं तर बघ’ म्हणजे आजच: स्वमग्न प्रोग्रॅमरचे नवोदितांसाठी अनुभवकथन

माझ्या पहिल्या नोकरीत, पुण्यात, एका संध्याकाळी टीम लीडने माझ्या टेबलाशी थांबून सांगितले, “तो रिपोर्टचा बग जमलं तर बघून घे.” माझ्याकडे त्या दिवशी आधीचे काम बाकी होते, त्यामुळे जमणार नव्हते आणि म्हणून मी तो बग, म्हणजे प्रोग्रॅममधली ती चूक, बघितला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ग्राहकासमोर तोच रिपोर्ट उघडला गेला आणि सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. ‘जमलं तर’ ही अट नसून सौम्य शब्दांत दिलेला हुकूम आहे, हे मला तोवर कोणीच सांगितले नव्हते, आणि इतरांना ते सांगावे लागत नाही हेही मला ठाऊक नव्हते. प्रोग्रॅममध्ये ‘इफ’ लिहिले की त्याचा अर्थ तेवढाच असतो: अट खोटी ठरली की आतल्या ओळी चालत नाहीत. माझे डोकेही तसेच चालते, हे कळायला वयाची अठ्ठाविशी उलटावी लागली. तेव्हा रीतसर मूल्यमापन होऊन माझ्या कागदावर स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम, हा शब्द आला.

(हा शब्द मला फारसा आवडत नाही. त्यातून माणूस स्वतःतच रमलेला आहे असे सूचित होते, आणि मी तर बहुतेक वेळ समोरच्याच्या वाक्याचा अर्थ लावण्यात रमलेली असते. पण कायद्यात, दाखल्यावर आणि वर्तमानपत्रात हाच शब्द आहे, म्हणून तोच वापरते.)

हे लिखाण अशाच कोणासाठी आहे, ज्यांना निदान मिळाले आहे किंवा तशी दाट शंका आहे आणि जे प्रोग्रॅमिंगमध्ये पाऊल टाकू पाहत आहेत. आधी एक गैरसमज बाजूला करते. ‘स्वमग्न आहे, म्हणजे कॉम्प्युटरमध्ये हुशार असणार’ हे वाक्य मी नातेवाइकांकडून इतक्यांदा ऐकले आहे की त्याचा राग येणेही आता थांबले आहे. स्वमग्नतेमुळे कोणाला प्रोग्रॅमिंग येत नाही. मला ते आवडले याचे कारण साधे होते. कंपायलर (आपण लिहिलेला कोड तपासून यंत्राच्या भाषेत नेणारा प्रोग्रॅम) चेहरा वाकडा करत नाही, तो अमुक ओळीवर अर्धविराम राहिला आहे असे सांगतो आणि तो टाकला की विषय संपतो, मागाहून कोणाकडे कुजबुजत नाही. पण नोकरीत कंपायलरशी बोलणे हा कामाचा लहान भाग असतो. बाकीचा सगळा वेळ माणसांशी, म्हणजे बैठका, एकमेकांचा कोड तपासण्याचे रिव्ह्यू, कामाला लागणाऱ्या वेळेचे अंदाज आणि ‘पाच मिनिटे बोलू या का’ असे निरोप यांच्याशी जातो. केवळ संगणकाशीच संबंध येईल या आशेने कोणी या क्षेत्रात येत असेल, तर त्याची निराशा होईल.

मला खरे शिक्षण मिळाले ते नोकरीत नव्हे, तर इंटरनेटवर एकत्र येऊन मुक्त सॉफ्टवेअर, म्हणजे ज्याचा कोड कोणीही वाचू आणि बदलू शकतो असे सॉफ्टवेअर, लिहिणाऱ्या लोकांमध्ये. मराठी शब्दकोशाचा एक छोटा प्रकल्प होता. त्यात कोणीतरी तक्रार नोंदवली होती की ‘कोपऱ्यात’ हा शब्द पानावर डोळ्यांना दिसतो, पण शोधला तर सापडत नाही. पानावरचा आणि शोधताना टाइप केलेला असे दोन्ही शब्द मी शेजारी ठेवले, ते हुबेहूब सारखे होते. मग अक्षरांऐवजी त्यांचे युनिकोड क्रमांक, म्हणजे कॉम्प्युटरसाठी प्रत्येक अक्षराला ठरवून दिलेले क्रमांक, छापून पाहिले. एका शब्दात 0931 क्रमांकाचा ‘ऱ’ आणि पुढे पाय मोडण्याचे चिन्ह होते. दुसऱ्यात 0930 क्रमांकाचा साधा ‘र’, पाय मोडण्याचे चिन्ह आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारा एक जोडक होता. दोन्ही प्रकारे पडद्यावर तोच अर्धा र उमटतो, जो नसेल तर ‘आचाऱ्यास’ जेवण सांगायच्या ऐवजी आपण ‘आचार्यास’ सांगून बसू. पण यंत्राच्या दृष्टीने ते दोन वेगळे शब्द होते, आणि युनिकोडचे प्रमाणीकरण (एकच अक्षर वेगवेगळ्या प्रकारे लिहिले असेल तर ते एकसारखे करणे) केले तरी ते एक होत नव्हते. तीन संध्याकाळी मी वऱ्हाड, गुऱ्हाळ, दऱ्या, पायऱ्या असे शब्द गोळा करत बसले. आईने दोनदा जेवायला हाक मारली, ती मला ऐकूच आली नाही. लक्ष एकाच बोगद्यातून वाहते आणि बाहेरचे सगळे बंद होते, अशी ही अवस्था आहे. तिच्यात काम होते हे खरे, पण पाणी प्यायचे राहते हेही तितकेच खरे.

मग मी पुल रिक्वेस्ट, म्हणजे माझे बदल प्रकल्पात घ्यावेत अशी विनंती, पाठवली. तीत दुरुस्ती होती, चाचण्या होत्या, शिवाय वाटेत दिसलेले कोडच्या ओळींचे वाकडेतिकडे समास सरळ केले होते, दोन फाइलींची नावे बदलली होती आणि एका फंक्शनखाली, म्हणजे प्रोग्रॅमच्या एका तुकड्याखाली, ‘हे चुकीचे आहे’ अशी टिप्पणी होती. मेंटेनरने, म्हणजे प्रकल्पाची देखभाल करणाऱ्याने, उत्तर दिले की याच्या चार वेगळ्या रिक्वेस्ट करा, आणि खाली सात-आठ ठिकाणी ‘निट’ असे लिहून बारीकसारीक सूचना केल्या. वर लाल अक्षरांत ‘बदल अपेक्षित’ अशी पट्टी होती. मी ती नापासाची पट्टी समजले आणि दोन दिवस लॅपटॉप उघडला नाही. तिसऱ्या दिवशी त्याच प्रकल्पातल्या एका दादाने खासगी निरोपात तीन गोष्टी समजावल्या. ‘निट’ म्हणजे ‘क्षुल्लक, केलेत तर बरे, नाही केलेत तरी अडणार नाही’. लाल पट्टी म्हणजे काम स्वीकारण्याच्या वाटेवर आहे, कारण नकोच असते तर रिक्वेस्ट बंद केली असती. आणि ‘हे चुकीचे आहे’ हे वाक्य ज्याने वाचले, त्यानेच ते फंक्शन सहा वर्षांपूर्वी रात्री जागून लिहिले होते. माझ्या लेखी ते वाक्य फंक्शनबद्दल होते, पण त्याने ते स्वतःबद्दल वाचले.

डेमियन मिल्टन या स्वमग्न अभ्यासकाने 2012 मध्ये मांडलेला एक विचार मला या प्रसंगानंतर नीट उमगला. स्वमग्न आणि इतर माणसांमध्ये गैरसमज होतो तेव्हा उणीव एकाच बाजूची नसते, दोन्ही बाजूंना एकमेकांचे मन वाचता येत नाही, असे तो म्हणतो. मला त्या मेंटेनरचे मन वाचता आले नाही, आणि लाल पट्टी पाहून मी दोन दिवस गप्प का झाले हे त्यालाही कळले नाही. फरक एवढाच की त्याच्यासारखे बहुसंख्य आहेत, त्यामुळे नियम त्यांच्या सवयीने ठरतात.

म्हणून नव्याने येणाऱ्याला माझा पहिला सल्ला असा की जिथे नियम लिहिलेले आहेत अशी जागा निवडा. चांगल्या प्रकल्पात योगदान कसे द्यावे याची फाइल असते, आचारसंहिता असते, बग कळवण्याचा नमुना असतो: काय केले, काय घडले, काय अपेक्षित होते, पुन्हा कसे घडवता येईल. हा नमुना आमच्यासारख्यांसाठी वरदान आहे, कारण संभाषण कुठून सुरू करायचे हा प्रश्नच त्यात उरत नाही. गिट, म्हणजे कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारे साधन, त्यातल्या नोंदीचाही संकेत आहे. पहिली ओळ साधारण 50 अक्षरांची, मग एक रिकामी ओळ, मग 72 अक्षरांवर मोडलेला मजकूर. कोणाला ही कटकट वाटते, मला मात्र सभागृहात खुर्चीवर नाव लिहिलेले आढळावे तसा आनंद होतो.

लिहिलेल्या नियमांखाली न लिहिलेले नियम असतात, ते मात्र निरीक्षणाने आणि सरळ विचारूनच कळतात. गप्पांच्या चॅनेलवर ‘मी एक प्रश्न विचारू का’ असे विचारत बसू नये, थेट प्रश्नच लिहावा. आधी स्वतः काय करून पाहिले ते दोन ओळींत सांगावे. मेंटेनर बहुधा नोकरी सांभाळून फुकट काम करत असतो, त्यामुळे आठवडाभर उत्तर आले नाही तर तो रागावला आहे असे समजू नये, एक आठवण करून द्यावी आणि दुसरे काम घ्यावे. अंगठ्याच्या चित्राचा अर्थ ‘वाचले’ की ‘मान्य’ हे मला आजही कळत नाही, म्हणून मी विचारते. “याचा अर्थ मी मर्ज करू असा घेऊ का?” (मर्ज म्हणजे बदल मुख्य कोडमध्ये मिळवणे) या प्रश्नावर आजवर कोणी हसलेले नाही.

स्पष्ट बोलणे आणि उर्मट बोलणे यांतला फरकही इथेच शिकावा लागतो. आमच्यापैकी काहींना वाटते की प्रोग्रॅमरांच्या जगात फटकळपणा खपतो. एके काळी तो खपत होता. पण लिनक्स या मुक्त संगणक-प्रणालीचा जनक लिनस टोरवाल्ड्स यानेही सप्टेंबर 2018 मध्ये आपल्या ईमेलांमधल्या भाषेबद्दल जाहीर दिलगिरी व्यक्त करून काही काळ रजा घेतली आणि त्याच सुमारास लिनक्स कर्नेलच्या (त्या प्रणालीच्या गाभ्याच्या) प्रकल्पाने नवी आचारसंहिता स्वीकारली. ‘या ओळीत यादी रिकामी असेल तर प्रोग्रॅम बंद पडतो’ हे स्पष्ट बोलणे झाले. ‘हे कोणी लिहिले’ हे दुसरे. आपल्या निदानाची ढाल करून दुसऱ्या प्रकारचे बोलू नये, असे माझे ठाम मत आहे.

उलट बाजूची सावधगिरीही सांगायला हवी, कारण तीत मी पोळले आहे. शब्दाला शब्द मानणाऱ्या माणसाचा गैरफायदा सहज घेता येतो. एका गृहस्थांनी ‘समाजासाठीचा प्रकल्प’ म्हणून माझ्याकडून चार-पाच महिने रात्री-अपरात्री काम करून घेतले, तेच काम ते एका ग्राहकाला पैसे घेऊन देत होते. तेव्हापासून मी कोणत्याही प्रकल्पात शिरण्याआधी तीन गोष्टी पाहते: परवाना कोणता (कोड कोणी कसा वापरावा हे त्यात लिहिलेले असते), कोड सार्वजनिक आहे का, आणि माझ्याखेरीज आणखी कोण काम करते.

नोकरीतली रोजची साधने याच तत्त्वावर बसवता येतात. व्हॉट्सॲपच्या गटावर येणारे व्हॉइस मेसेज मला नीट पचत नाहीत. मिनिटभराच्या निरोपात कामाचे वाक्य शेवटी असते आणि तोवर पार्श्वभूमीचा प्रेशर कुकरच लक्षात राहतो. म्हणून माझ्या स्थितीच्या ओळीत कायम लिहिलेले असते की कृपया लिहून कळवावे, तातडीचे असल्यास आधी निरोप टाकून मग फोन करावा. सूचनांचे आवाज बंद आहेत, मी गट सकाळी अकराला आणि दुपारी चारला उघडते, आणि हे टीमला माहीत आहे. ऑनलाइन बैठकीत उपशीर्षके चालू ठेवते, कारण चारजण एकदम बोलले की मला एकही ऐकू येत नाही. कार्यालयात माझ्या डोक्यावर जुन्या चोकची ट्यूबलाइट होती. आपल्याकडची वीज सेकंदाला 50 आवर्तनांची, त्यामुळे असा दिवा सेकंदाला 100 वेळा लुकलुकतो आणि गुणगुणतो. इतरांना ते जाणवत नव्हते, माझे डोके दुपारपर्यंत फुटत असे. दिवा बदलून मागायला मला दोन वर्षे लागली, इलेक्ट्रिशियनला दहा मिनिटे.

पण सगळ्यांत उपयोगी पडले ते यातले कोणतेच साधन नव्हे. प्रत्येक बैठकीनंतर अर्ध्या तासात मी एक मेल पाठवते: “मला समजले ते असे: मी अमुक करणार, अमुक तारखेपर्यंत, तमुक माझ्याकडे नाही. काही चुकले असल्यास कळवावे.” पहिले काही आठवडे लोकांना हे विचित्र वाटले. नंतर ज्येष्ठ सहकारीच विचारू लागले की तुझा मेल आला का, कारण बैठकीत काय ठरले हे त्यांनाही नक्की आठवत नसे.

निदान सांगावे की नाही, हा प्रश्न प्रत्येकजण विचारतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 हा 19 एप्रिल 2017 पासून लागू आहे. त्याच्या 21 प्रकारांच्या यादीत स्वमग्नता आहे. शासकीय नोकऱ्यांतील 4 टक्के आरक्षणापैकी 1 टक्का स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगत्व, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुदिव्यांगत्व यांना मिळून आहे, आणि त्यासाठी किमान 40 टक्के दिव्यांगत्वाचा दाखला लागतो. स्वमग्नतेच्या मोजणीसाठी 40 मुद्द्यांची भारतीय मापनश्रेणी वापरतात, प्रत्येक मुद्द्याला 1 ते 5 गुण. मोठ्या माणसाने दाखला मागितला की गोंधळ उडतो. माझ्या वेळी समोरच्या डॉक्टरांनी “नोकरी करता ना, मग?” असे विचारले होते. लहानपणच्या वागण्याची आईने लिहून दिलेली दोन पाने सोबत होती म्हणून पुढचे बोलणे झाले, ती पाने जरूर न्यावीत. खासगी कंपनीला हे आरक्षण लागू नाही, मात्र समान संधी धोरण जाहीर करणे तिलाही बंधनकारक आहे, आणि 20 किंवा अधिक कर्मचारी असतील तर त्यात दिव्यांगांना कोणत्या सोयी मिळतील हेही लिहावे लागते. मुलाखतीला जाण्याआधी ते धोरण मागून वाचावे. ते मागितल्यावर मिळणारे उत्तर धोरणापेक्षा जास्त सांगून जाते.

मी स्वतः पहिल्या मुलाखतीत काही सांगितले नाही आणि फळ्यावर उभे राहून कोड लिहिताना माझी बोबडी वळली. दुसऱ्या ठिकाणी निदानाचे नाव न घेता गरज तेवढी सांगितली: प्रश्न लिहून द्यावा, पाच मिनिटे शांतपणे विचार करू द्यावा, फळ्याऐवजी एडिटर द्यावा. तिन्ही मिळाले. निदान सांगितले ते रुजू होऊन आठ महिन्यांनी, ज्या टीम लीडवर विश्वास बसला त्यांनाच.

शब्दकोशाच्या त्या प्रकल्पात आता मीही मेंटेनर आहे. गेल्या पावसाळ्यात एका महाविद्यालयीन मुलाची रिक्वेस्ट आली, एकाच वेळी चौदा बदल असलेली. मी घाईत “बघते” एवढेच लिहिले. दहा मिनिटांत त्याचा प्रश्न आला, “बघते म्हणजे कधी?” दुसऱ्या मेंटेनरला तो आगाऊपणा वाटला. मी लिहिले, “शनिवारी संध्याकाळी 7 वाजता.” शनिवारी 7 वाजून 2 मिनिटांनी त्याचा निरोप आला: “सात वाजले.”