एसेस क्रॅक झाले, पुढे काय? पोकर सिरीजमधल्या या चुका टाळा

माझे एक्के उघडे, समोरच्याचे राजे उघडे, दोघांच्या सगळ्या चिप्स मध्ये. टर्नपर्यंत, म्हणजे टेबलवरच्या चौथ्या पत्त्यापर्यंत, सगळं सुरळीत होतं. रिव्हरला, म्हणजे शेवटच्या पाचव्या पत्त्याला, चौकटचा राजा आला. त्याचे तीन राजे झाले आणि माझे एसेस, म्हणजे एक्क्यांची जोड, क्रॅक झाले: हरले. मी हात आपटला नाही, शिवी दिली नाही, वर "वेल प्लेड" म्हणालो. मग उठलो आणि दहा मिनिटांत री-एंट्री केली, म्हणजे पुन्हा पैसे भरून त्याच स्पर्धेत शिरलो. लेव्हल एवढी पुढे गेली होती की नव्या स्टॅकमध्ये (चिप्सच्या ढिगात) जेमतेम वीस बिग ब्लाइंड उरत होते. बिग ब्लाइंड म्हणजे दर डावात एकाला सक्तीने लावावी लागणारी पैज, ती लेव्हलगणिक वाढते. चाळीस मिनिटांत तेही गेले. मुंबईला परतल्यावर एक्क्यांची गोष्ट मी दहा जणांना सांगितली. री-एंट्रीची एकालाही नाही.

पणजीला सिरीज, म्हणजे लागोपाठच्या पोकर स्पर्धा, खेळायला जाणाऱ्या आम्हा मुंबईकरांचं बरंचसं दुखणं हेच आहे. नशिबाने मारलेलं लक्षात राहतं, त्यानंतर आपण स्वतः जी माती खाल्ली ती राहत नाही.

आधी नशिबाचा हिशेब करू. एक्क्यांची जोड सरासरी 221 हातांत (डावांत) एकदा येते. लाइव्ह टेबलवर तासाला पंचवीस-तीस हात होतात, म्हणजे आठ-नऊ तास बसलात की साधारण एकदा. राजांसमोर ती 82 टक्के वेळा टिकते, पाच-सहा वेळांत एकदा मरते. बरं, टूर्नामेंटमध्ये एकदा जिंकून भागतही नाही. 80 टक्क्यांचे तीन ऑल-इन (सगळ्या चिप्स लावलेले डाव) लागोपाठ जिंकायची शक्यता फक्त 51 टक्के. छापा-काटाच तो. तेव्हा "माझ्याच वाट्याला हे का" असं विचारणं म्हणजे जुलैत हिंदमाताला पाणी तुंबलं म्हणून आश्चर्य करणं.

ऑगस्ट 2025 मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली, तेव्हापासून हे जास्तच बोचतं. पूर्वी घरी बसून एका रात्रीत चार टेबलांवर शेकडो हात व्हायचे, एखादा फटका त्यात विरून जायचा. आता सिरीजमधले मोजकेच हात हाताशी असतात आणि तेवढ्यावरून आपण स्वतःला "फॉर्म गेलेला" ठरवून मोकळे होतो. मी वही ठेवतो. पोझिशन (टेबलवर आपली पाळी कितवी), बिग ब्लाइंडमध्ये स्टॅक, आणि पत्ते उघडण्याआधी डोक्यात काय होतं तेवढं लिहायचं. निकाल लिहायचा नाही. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर मित्राला हात सांगतानाही निकाल गाळतो. तो आधी "अरे, हा कॉल कशाला केलास?" म्हणाला, तर समजायचं की दोष रिव्हरचा नव्हता.

री-एंट्री किती करायच्या हे गाडीत बसण्याआधी ठरवा. कागदावर लिहा, कारण बाद झाल्यावरच्या दहा मिनिटांत आपल्याइतका पटवून देणारा वकील दुसरा नसतो. माझी रेघ तीस बिग ब्लाइंडची, त्याखाली नाही. वीसवर फायद्यात खेळणारे आहेत, पण चिडलेला मी त्यांच्यातला नाही. आणि बाद झाल्या झाल्या कॅश टेबलकडे, जिथे स्पर्धा नसते आणि थेट पैशांनी खेळतात, वळणं तर नकोच. तिथे बसलेले लोक तुमचीच वाट बघत असतात.

डीलरवर डाफरू नका. आमच्या गावी गणपतीच्या जागरणाला हरलेला माणूस पिसणाऱ्यालाच शिव्या घालतो, आणि ते तिथे खपतं. टेबलवर मात्र त्यातून एवढंच कळतं की तुमचं डोकं फिरलंय. शेजारचा लगेच तुमच्यावर रेझ वाढवायला लागतो.

कोकणकन्येत रात्रभर अवघडून मडगावला उतरायचं आणि त्याच दुपारी बसायचं, हेही मी केलंय. रात्री बाराला डोळे मिटत असतात आणि बबल, म्हणजे बक्षिसाच्या अगदी उंबरठ्यावरचा टप्पा, तेव्हाच येतो. एक दिवस आधी जा.

आता सगळ्यात महागडी चूक, हिची चर्चा कोणी करत नाही. मागे मी सिरीजमध्ये 50 हजारांच्या पाच एंट्र्या केल्या, म्हणजे अडीच लाख गेले. चार वाया, पाचवीत तीन लाखांचं बक्षीस. फोनवर घरी सांगितलं, "पैशांत आलो." पण जिंकलेल्या रकमेवर सरसकट 30 टक्के कर, वर त्या करावर 4 टक्के सेस, आणि हरलेल्या एंट्र्या त्यातून वजा होत नाहीत. कर झाला 93,600. हातात राहिले 2,06,400, म्हणजे 43,600 चा तोटा. हॉटेल आणि जेवण वेगळं. हा हिशेब मी परतीच्या गाडीत रत्नागिरीच्या आसपास पहिल्यांदा नीट मांडला. आईने तोवर चाळीत पेढे वाटले होते.