इतवारीत स्ट्रेचर वळलं नाही तेव्हा

नागपूरपासून तासा-दीड तासाच्या अंतरावर 30 खाटांचं ग्रामीण रुग्णालय आहे, तिथे मी स्टाफ नर्स. नोकरी सांभाळून आपत्ती व्यवस्थापनाचा डिप्लोमा करते म्हटल्यावर मोठी आई हसली. "कायचा भूकंप वं बाई, आपल्या इकडं पाऊसच धड येत नाही!" नकाशात विदर्भाचा बराचसा भाग कमी धोक्याच्या पट्ट्यात आहे, हे खरं. पण किल्लारीही कमी धोक्यातच गणली जायची, 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेपर्यंत.

प्रकल्पाला विषय मिळाला : दाट वस्तीत भूकंप झाला तर पहिल्या काही तासांत जखमींचं काय करायचं. मी नागपूरची इतवारी घेतली, जुनी, गजबजलेली, अरुंद गल्ल्यांची वस्ती. महिनाभर नकाशावर मेयोपर्यंतचे, म्हणजे जवळच्या सरकारी रुग्णालयापर्यंतचे रस्ते रंगवले, फाइल देखणी झाली. सर म्हणाले, "आता हेच स्ट्रेचर घेऊन चालून या." रविवारी सकाळी आम्ही दोघी आणि स्ट्रेचरवर तांदळाचं पोतं. तिसऱ्याच वळणावर, लावलेल्या स्कूटर आणि दुकानाच्या पायऱ्या यांच्यामधून स्ट्रेचर वळेचना. तिरपं केलं तर पोतं घसरलं. ओट्यावर बसलेले काका म्हणाले, "चादरीत घ्या न पोरींनो." आमच्याकडे पावसाळ्यात बाळंतिणीला पांदणीतून बाजेवर आणतात, ते बघतच मी मोठी झाले, आणि इथे फाइल रंगवत बसले होते! मग आराखडा बदलला : गल्लीत चादर, चौकात स्ट्रेचर, मोठ्या रस्त्याला 108.

2005 चा आपत्ती व्यवस्थापन कायदा, समित्या, त्यांची रचना, हे पाठ होतं. घाबरू नका, ते इथे सांगत नाही. हात थरथरतात ते ट्रायजला, म्हणजे कुणाला आधी उपचार हे रंगीत पट्ट्या बांधून ठरवताना. चालता येणाऱ्यांना हाक मारून बाजूला घ्यायचं, ते हिरवे. उरलेल्यांपाशी एका मिनिटाहून जास्त थांबायचं नाही : श्वास मिनिटाला 30 च्या वर आहे का, मनगटाची नाडी लागते का, सांगितलेलं ऐकतो का. यातलं एक बिघडलं की लाल, म्हणजे आधी हा. श्वासच नसेल तर वायुमार्ग मोकळा करून बघायचा, तरी नाही आला तर काळी पट्टी आणि पुढे. धापेवाड्याच्या यात्रेत जो जास्त ओरडतो त्याच्याकडे आधी धावायची माझी सवय. रंगीत तालमीत एका पोराला काळी पट्टी बांधून मी त्याच्यापाशीच उभी राहिले. तेवढ्यात मागचा गप्प पडलेला 'लाल' गेला, असं सरांनी जाहीर केलं. तो पोरगा खोटा मेलेला होता, तरी रात्री जेवण गेलं नाही.

दुसरी सवय सलाइनची. स्लॅबखाली मांडी तासन्‌तास दबलेला माणूस बोलत असतो, पाणी मागतो, आणि स्लॅब उचलल्यावर थोड्याच वेळात जातो. चेंगरलेल्या स्नायूंतलं पोटॅशियम एकदम रक्तात येतं, हृदय थांबतं. म्हणून शक्य असेल तर स्लॅब उचलण्याआधीच नॉर्मल सलाइन सुरू करायचं. आमचा हात आपसूक आरएलच्या (रिंगर लॅक्टेट, दुसरं एक सलाइन) बाटलीकडे जातो. त्यात पोटॅशियम असतं, इथे ती नको.

तोंडी परीक्षेत विचारलं, "26 जानेवारी 2001 ला भुजचं सरकारी रुग्णालयच कोसळलं. तसं नागपुरात झालं तर जखमी कुठे येतील?" मी गप्प. आमच्याकडेच येणार की! माझ्या फाइलमध्ये मात्र माझं रुग्णालय कुठेच नव्हतं.

परतल्यावर पहिल्यांदा जनरेटर सुरू करून बघितला. झाला नाही, बॅटरी उतरलेली. शेजारच्या दादांच्या ट्रॅक्टरची बॅटरी लावली, तेव्हा कुठे तो धूर ओकत चालू झाला. 'जनरेटर : दर सोमवारी सुरू करून पाहणे' ही ओळ आराखड्यात त्या दिवशी आली.