म्हातारं मांजर बारीक होत असेल तर काय पाहावं

वय झालं की मांजर वाळायचंच, असं म्हणून गप्प बसू नका. दहा वर्षांपुढचं मांजर कारण नसताना बारीक होत असेल तर बहुधा आत काहीतरी बिघडलेलं असतं, आणि लवकर कळलं तर त्यातल्या पुष्कळ आजारांवर उपचार होतात.

नजरेवर विसंबू नका. दाट केस आणि लोंबणारं पोट यांमुळे मांजर भरलेलं वाटतं. पाठीवरून हात फिरवा. मणके आणि खांद्याची हाडं टोकदार लागली तर स्नायू झडू लागलेत.

मग वजन. मांजराला कडेवर घेऊन माणसांच्या काट्यावर उभं राहिलं तर थोडीशी घट कळत नाही. बाळांचा डिजिटल काटा घ्या, त्यावर टोपली ठेवून आकडा शून्यावर आणा आणि मग मांजराला आत बसवा. दर १५ दिवसांनी, सकाळी खाण्याआधी वजन करून लिहून ठेवा. ४ किलोच्या मांजराचं २०० ग्रॅम घटलं, तर ते ६० किलोच्या माणसाचं ३ किलो घटण्यासारखं आहे. एवढ्यावरच डॉक्टरांकडे जावं.

जाण्याआधी दोन-तीन दिवस खाणं आणि पाणी मोजा. घरात अनेक मांजरं असतील तर याला वेगळ्या खोलीत ठेवा, नाहीतर कोण किती खातं ते कळणारच नाही. पाणी मापून ओता, २४ तासांनी उरलेलं मोजा. मांजराच्या वजनाच्या दर किलोमागे दिवसाला १०० मिलिलिटरपेक्षा जास्त पिणं नक्कीच बिघाडाचं लक्षण. ५० च्या वर गेलं तरी डॉक्टरांना सांगा.

सगळ्यात फसवं असतं ते भरपूर खाऊनही वाळणारं मांजर. खातंय म्हणजे बरं आहे, असं वाटून महिने जातात. हावरटपणा, अस्वस्थपणा, रात्रीचं मोठ्यानं ओरडणं, मधूनमधून उलट्या असं असेल तर आधी थायरॉइड (गळ्यातली ग्रंथी) वाढल्याचा संशय घ्यावा. खाणं वाढलं, सोबत पाणी आणि लघवीही खूप वाढली, तर मधुमेह असू शकतो. भूक मंदावली आणि पाणी वाढलं, तर किडनी. वाडग्याजवळ जाऊन मागे फिरणं, एकाच बाजूनं चावणं हे दातांचं दुखणं. जुनाट जुलाब-उलट्या असतील तर आतड्याची सूज किंवा लिम्फोमा (एक प्रकारचा कॅन्सर), आणि त्यासाठी सोनोग्राफी लागते.

रक्तात क्रिएटिनिन (किडनीचं काम कळण्यासाठी), साखर आणि टी-४ (थायरॉइडचं संप्रेरक), सोबत लघवीची तपासणी आणि रक्तदाब, हे सगळं एकत्रच करून घ्या. तुकड्यातुकड्यानं केलं की चुकतं. दवाखान्यातल्या भीतीनंही मांजराची साखर चढते, म्हणून मधुमेहाचा शिक्का मारण्याआधी फ्रुक्टोसामाइन, म्हणजे गेल्या काही दिवसांतली सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी, पाहावी. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं, त्यामुळे वाळलेल्या मांजरात किडनी खराब असूनही आकडा बरा दिसतो. अशा वेळी एसडीएमए ही स्नायूंवर फारशी न अवलंबणारी किडनीची रक्ततपासणी मागा.

मांजरानं २४ तास काहीच खाल्लं नाही तर थांबू नका. उपाशी मांजराच्या, विशेषतः आधी लठ्ठ असलेल्या मांजराच्या, यकृतात चरबी साचते आणि ते जिवावर बेतू शकतं. तोंडात जबरदस्तीनं कोंबू नका. त्या अन्नाचीच त्याला शिसारी बसते. आणि पॅरासिटामॉल कधीच देऊ नका, मांजरासाठी ते विष आहे.

थायरॉइडची गोळी सुरू झाली तर २ ते ४ आठवड्यांनी टी-४ सोबत किडनीही पुन्हा तपासा. वाढलेलं थायरॉइड किडनीतला रक्तप्रवाह वाढवून तिचा आजार झाकून ठेवतं. तो औषधानंतर उघडा पडतो.