फळछाटणीआधीची काडी आणि हंगामाआधीचा संघ

माझे मामा निफाड तालुक्यात द्राक्षं करतात. ऑक्टोबरची फळछाटणी घ्यायच्या आधी ते बागेच्या वेगवेगळ्या ओळींतून काड्या काढतात, ओल्या कापडात गुंडाळतात आणि तपासायला नेतात. तिथे काडीवरचा एकेक डोळा चिरून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. आत घड धरलाय का, धरला असेल तर कितव्या डोळ्यात, यावरून छाटणी कुठे घ्यायची ते ठरतं. काडी जाडजूड आहे म्हणून आत घड असेलच असं नाही. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर ऊन किती मिळालं, ढगाळ हवा किती दिवस राहिली, यावर बरंचसं आधीच ठरून गेलेलं असतं.

मी फुटबॉल संघांचं विश्लेषण करते. हंगाम सुरू होण्याआधी एखाद्या संघात किती दम आहे याचं टिपण लिहून देणं हा माझ्या कामाचा सर्वात आवडता भाग. या क्षेत्रात येऊ बघणारी मुलं-मुली मला विचारतात की सुरुवात कुठून करायची. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे, आणि मामांच्या काड्यांपासून सुरुवात केली कारण मला हे काम खऱ्या अर्थानं तिथेच समजलं.

आधी माझ्याबद्दल थोडं. देवळाली कॅम्पात वाढले. जवानांचे सामने कुंपणाला टेकून बघायचे, मग शाळेत आणि कॉलेजात खेळले. नाशिकला कोल्हापूरसारखी परंपरा नाही. तिथे शाहू स्टेडियमवर तालमींचे संघ उतरले की पेठाच्या पेठा मागे उभ्या राहतात. आपल्याकडे फुटबॉल बघणारा माणूस शोधावा लागतो. गुडघा दुखावल्यावर मी खेळणं सोडलं आणि सामन्यांच्या व्हिडिओचं टॅगिंग करायचं काम घरबसल्या घेतलं. प्रत्येक पास, प्रत्येक टॅकल, कुठे झाला, कुणी केला, यशस्वी की नाही, हे सगळं नोंदवायचं. सुरुवातीला एका सामन्याला मला पूर्ण दिवस लागायचा. पैसे फार नव्हते. पण शंभरेक सामने असे टॅग केल्यावर डोळा बदलतो. चेंडू नसलेली माणसं दिसायला लागतात. तुम्हाला हे काम कंटाळवाणं वाटलं तरी वर्षभर करा, त्याला पर्याय मला तरी सापडलेला नाही.

आता माझी चूक सांगते, कारण मी सगळ्यात जास्त तिच्यातून शिकले.

4 मे 2024 ला मुंबई सिटीनं कोलकात्यात मोहन बागानला 3-1 हरवून आयएसएलचा, म्हणजे इंडियन सुपर लीगचा, कप जिंकला. कपच्या बाद फेरीआधीच्या लीग टप्प्यातही 47 गुण घेऊन ते दुसरे होते, बागानच्या फक्त एका गुणानं मागे. त्या उन्हाळ्यात मी पहिल्यांदा पुढच्या हंगामाचं सविस्तर टिपण लिहायला घेतलं. मुंबईतून राहुल भेके गेला, आपुइया गेला, होर्हे पेरेयरा दियाझ आणि आल्बेर्तो नोगुएरा गेले. आले कोण, तर निकोस कारेलिस, जॉन तोराल, जेरेमी मांझोरो, ब्रँडन फर्नांडिस. मी दोन रकाने केले, गेलेले आणि आलेले, नावापुढे नाव मांडलं आणि हिशोब जुळतो असं ठरवलं. कडेनं धावणारा विंगर छांगते आहे, बचावात तिरी आहे, गोलमध्ये फुर्बा लाचेनपा आहे, प्रशिक्षक पेत्र क्रात्की तेच आहेत. पहिल्या दोनात येतील असं लिहून मोकळी झाले.

मुंबई सहावी आली. 24 सामन्यांत 36 गुण. प्लेऑफमध्ये, म्हणजे लीगमधल्या पहिल्या सहा संघांच्या बाद फेरीत, बेंगळुरूनं 5-0 हरवलं, आणि बेंगळुरूच्या गोल करणाऱ्यांत दियाझही होता. भेके आणि नोगुएराही उन्हाळ्यात तिथेच गेले होते. आदल्या हंगामात दहावं आलेलं बेंगळुरू त्या वर्षी तिसरं आलं आणि थेट फायनलपर्यंत पोचलं. तीन माणसांमुळेच हे झालं असं मी म्हणणार नाही. पण माझ्या टिपणात या हालचालीचं वजन कुठेच नव्हतं.

चुकलं काय? मी काड्यांची जाडी मोजली होती, डोळे चिरून बघितले नव्हते.

मग मी मिनिटं मोजायला लागले. ही पद्धत मी सगळ्या नवख्यांना आधी शिकवते. 2023-24 मध्ये प्रत्येक संघानं लीगचे 22 सामने खेळले. एका सामन्यात अकरा जणांची मिळून 990 मिनिटं, म्हणजे हंगामाची 21,780. (जादा वेळ सोडून द्या.) आता प्रत्येक खेळाडूपुढे त्याची मिनिटं लिहा आणि जे संघात राहिले आहेत त्यांचीच बेरीज करा. ती एकूण मिनिटांच्या किती टक्के भरते? माझ्या अनुभवात हा आकडा 70 च्या पुढे असेल तर संघाला स्वतःचा खेळ आठवत असतो. निम्म्याच्या खाली गेला तर नवीन आलेले कितीही चांगले असोत, पहिले दोन महिने ओळख करून घेण्यात जातात. त्या दोन महिन्यांत गेलेले गुण मार्चमध्ये परत मिळत नाहीत.

पण बेरजेवर थांबू नका. मिनिटं कुठून गेली ते बघा. विंगरची हजार मिनिटं गेली आणि मधल्या कण्यातली हजार गेली, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. कणा म्हणजे गोलकीपर, दोन सेंटर-बॅक (मधले बचावपटू), त्यांच्यापुढे उभा राहणारा होल्डिंग मिडफिल्डर आणि पुढचा स्ट्रायकर. मुंबईनं भेके, आपुइया आणि दियाझ एकाच उन्हाळ्यात गमावले, म्हणजे मागचा, मधला आणि पुढचा मणका एकदम. भेके सेंटर-बॅकही खेळतो आणि राइट-बॅकही (उजव्या कडेचा बचावपटू), शिवाय कप उचलला तेव्हा तो कर्णधार होता. असा माणूस जातो तेव्हा नावांच्या रकान्यात एकच ओळ कमी होते, पण जागा दोन रिकाम्या होतात.

दुसरी गोष्ट भारतीय खेळाडूंची. नवखी मुलं परदेशी खेळाडूंवर पानंच्या पानं लिहितात. त्यांचे यूट्यूबवरचे गोल बघून मत बनवणं सोपं असतं, म्हणून. पण 2021-22 पासून आयएसएलमध्ये एका वेळी मैदानात चारच परदेशी उतरवता येतात, त्याआधी पाच चालायचे. म्हणजे अकरातले निदान सात भारतीय, जवळपास 64 टक्के मिनिटं त्यांची. चांगला परदेशी स्ट्रायकर जगाच्या बाजारात शोधता येतो. चांगला भारतीय लेफ्ट-बॅक किंवा होल्डिंग मिडफिल्डर आपल्याच देशात शोधायचा असतो, आणि ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत. आपुइया गेला तेव्हा मुंबईनं एक चांगला खेळाडू गमावला, एवढंच मला दिसलं. त्याच्या तोडीचा भारतीय मिडफिल्डर बाजारात मोकळा नव्हता आणि तो चक्क बागानकडे गेला होता, हे मी लिहायला हवं होतं. आज मी प्रत्येक संघाचं टिपण भारतीय सात जणांपासून सुरू करते आणि परदेशी शेवटी घेते.

मग बारावा ते अठरावा खेळाडू. पाच बदल करायची मुभा असल्यामुळे बाकावरची माणसं आता शोभेची राहिलेली नाहीत. माझ्याकडे एक साधा तक्ता असतो. प्रत्येक जागेसाठी तीन घरं, पहिला, दुसरा, तिसरा. दुसऱ्या घरात नाव लिहिताना गेल्या हंगामात त्या जागेवर तो किती मिनिटं खेळला हेही लिहायचं. घर रिकामं राहिलं तर रिकामंच ठेवायचं. ‘तिथेही खेळू शकेल’ असं लिहून घर भरायचा मोह होतो, मला अजूनही होतो. पण एका प्रशिक्षकानं माझं टिपण वाचून फक्त एवढंच विचारलं होतं, ‘लेफ्ट-बॅक पडला तर कोण?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण मी ते घर अंदाजानं भरलं होतं. त्या शांततेची आठवण मला तक्ता भरताना दरवेळी होते.

वयाबद्दल थोडक्यात. तिशी ओलांडलेल्यांच्या नावापुढे खूण करा, पण फुली मारू नका. सुनील छेत्री 2024-25 मध्ये चाळीस वर्षांचा होता आणि त्यानं 14 गोल केले, त्या हंगामात कुठल्याही भारतीयानं त्याच्याहून जास्त केले नाहीत. वयापेक्षा मिनिटांची घसरण बघा. तीन हंगामांत ती सतत कमी होत असतील तर शरीर काहीतरी सांगतंय. गुडघ्याच्या लिगामेंटवर शस्त्रक्रिया झालेला खेळाडू ‘परत आला’ असं वाचलं तर तो सरावाला आला की सामन्याला, हे तपासा. माझ्या गुडघ्यामुळे मला ही बाब जरा जास्तच जिव्हाळ्याची आहे.

एकाच माणसावर गोल टांगलेले संघही वेगळे ओळखा. त्याच हंगामात नॉर्थईस्ट युनायटेडच्या अलाएद्दीन अजाराईनं 23 गोल केले. अफाट कामगिरी. पण पुढच्या हंगामाचं टिपण लिहिताना पहिला प्रश्न हाच यायला हवा, की तो सहा आठवडे बसला तर गोल कोण करणार?

ड्युरंड कप हंगामाच्या तोंडावर येतो. त्याचे निकाल मनावर घेऊ नका, त्यात बरेच क्लब राखीव पोरं उतरवतात. पण ती पोरं मात्र नीट बघा. तक्त्यातलं तिसरं घर तिथेच भरतं. आणि एका सामन्यावर मत कधीच बनवू नका. मुंबईनं 11 मार्च 2025 ला बेंगळुरूत जाऊन 2-0 जिंकलं होतं आणि त्याच मैदानावर अठरा दिवसांनी 5-0 मार खाल्ला. दोन्ही सामने एकाच संघाचे.

शक्य असेल तेव्हा मैदानात जाऊन बघा. मी वर्षातून चार-पाचदा नाशिकरोडहून पंचवटीनं दादर गाठते, लोकलनं अंधेरी, आणि मुंबई फुटबॉल अरीनात कोपऱ्यातली वरची जागा घेते. परतायला रात्रीची गाडी, घरी पोचायला पहाट. तरी जाते, कारण कॅमेरा चेंडूमागे जातो. चेंडू पलीकडच्या बाजूला असताना आपला फुल-बॅक (कडेचा बचावपटू) कुठे उभा आहे, गोल खाल्ल्यावर कोण कुणाशी बोलतंय, कोण मान खाली घालून मागे येतंय, हे टीव्हीवर दिसत नाही.

आता ज्या गोष्टीबद्दल आपल्याकडे बोलायला लोक कचरतात ती. पैसा. एफसी पुणे सिटी 2019 मध्ये बंद झाला, त्याची जागा हैदराबादनं घेतली. त्याच हैदराबादनं 2022 मध्ये मनोलो मार्केझच्या हाताखाली कप जिंकला. दोन वर्षांनी, 2023-24 मध्ये, क्लब आर्थिक अडचणीत सापडला, बहुतेक मुख्य खेळाडू हंगाम चालू असतानाच निघून गेले आणि पूर्ण हंगामात त्यांना एकच विजय मिळाला. 2025 च्या जुलैमध्ये तर आयोजकांनी अख्खी आयएसएलच थांबवून ठेवली आणि काही क्लबांनी पगार आणि सरावही थांबवले. मला मनापासून वाईट वाटतं याचं. ज्या पोरांची मिनिटं मी मोजते त्यांच्या घरी त्याच पगारावर चूल पेटते. पण टिपण लिहिणाऱ्यानं वाईट वाटून थांबायचं नसतं. क्लबवर खेळाडू घ्यायला बंदी आहे का, कुणाचा करार कधी संपतोय, जानेवारीत कोण जाऊ शकतो, हे प्रत्येक नावापुढे यायला हवं. करार संपायला सहा महिने उरलेला मुख्य खेळाडू हा मी अर्धाच धरते.

टिपण किती मोठं असावं? दोन पानं. पहिल्या पानावर तीन घरांचा तक्ता आणि मिनिटांचा टक्का, दुसऱ्यावर तुमचं मत. मत स्पष्ट लिहा, कितव्या जागेवर येतील, कुठली जागा सर्वात कच्ची आहे, ऑक्टोबरपर्यंत काय दिसलं तर तुम्ही मत बदलाल. खाली तारीख घाला. हंगाम संपल्यावर तेच पान काढा आणि लाल पेननं तपासा. माझं 2024 चं मुंबईचं टिपण अजून माझ्याकडे आहे, नावांच्या त्या दोन रकान्यांसकट. कामाला नवीन कुणी आलं की मी तेच पहिलं दाखवते.

नोकरी मागताना प्रमाणपत्रांच्या यादीपेक्षा असं तपासलेलं एक टिपण पाठवा, चुकांसकट. मला काम देणाऱ्यांनी दरवेळी तेच आधी वाचलंय. सुरुवातीला आयएसएल घेऊ नका, माहिती इतकी असते की बुडून जाल. आपल्या जिल्ह्यातला एखादा कॉलेजचा किंवा क्लबचा संघ घ्या, वहीत मिनिटं मोजा, नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानाच्या कट्ट्यावर बसून नाहीतर जिथे सामना असेल तिथे जाऊन. कुणाच्या परीक्षा कधी आहेत, कोण पुण्याला शिकायला चाललाय, कुणाचे बूट फाटलेत, हे सगळं तक्त्यात येतं. यंदा फळछाटणीच्या आधी मामांबरोबर काड्या घेऊन मीही जाणार आहे, आणि परतल्यावर त्याच संध्याकाळी लेफ्ट-बॅकचं दुसरं घर भरायला बसेन.