टीममध्ये कोण कलर ब्लाइंड असेल तर जर्सी, बॉल आणि टीव्हीचं काय करायचं

गावातल्या फुटबॉल टुर्नामेंटला बिब (टीम ओळखायला अंगावर चढवतात ती बिनबाह्यांची रंगीत जॅकेट) आणायला जातो तेव्हा दुकानात जे स्वस्त पडेल ते उचलतो, आणि ते बऱ्याचदा नारिंगी आणि पोपटी असतं. आता टीममधल्या एखाद्याला लाल-हिरव्यातला फरक कळत नसेल तर हे दोन्ही रंग त्याला जवळजवळ सारखेच पिवळट दिसतात, मग तो विरोधी टीमला पास देतो आणि सगळे त्याच्यावर ओरडतात. युरोपीय वंशाच्या पुरुषांत साधारण १२ मागे एकाला हे असतं, आपल्याकडे थोडं कमी, बायकांत तर फारच कमी. आईकडून येतं, त्यामुळे मामाला असेल तर भाच्याकडेही लक्ष ठेवा.

सोपा उपाय म्हणजे दोन्ही बिब गवतावर ठेवून मोबाईलवर फोटो काढा आणि ब्लॅक अँड व्हाइट करा. दोन्ही एकाच करड्या रंगाचे दिसले तर परत करा. एक गडद, एक फिका पाहिजे. गडद निळा आणि पांढरा घ्या, विषय संपला. मोठ्यांनाही हे सुचत नाही हो, २०१८ च्या वर्ल्डकपची पहिलीच मॅच, रशिया लाल आणि सौदी अरेबिया हिरवा, कित्येक लोकांनी तक्रार केली की कोण कुठल्या टीमचा तेच कळत नाही म्हणून!

क्रिकेटला प्रश्न बॉलचा. लाल बॉल हिरव्या गवतात गेला की अशा पोराला तो शोधायला वेळ लागतो, आणि आपल्या तांबड्या मातीच्या मैदानावर तर लाल टेनिस बॉल बाकीच्यांनाही नीट दिसत नाही. टेनिस बॉलला पांढरी टेप गुंडाळा. उंच कॅच असेल आणि मागे माडाबिडांची गर्दी असेल तर त्याला तिथे उभा करू नका, जिथून मोकळं आकाश दिसतं तिथे ठेवा. ऑस्ट्रेलियाचा मॅथ्यू वेड कलर ब्लाइंड, डे-नाइट टेस्टमधला गुलाबी बॉल पकडायला त्रास होतो हे त्याने स्वतःच सांगितलेलं, आणि तरी तो विकेटकीपिंग करायचा. म्हणजे पोराला बाहेर बसवायचं काही कारण नाही.

कॅरममध्ये काहींना लाल रंग काळपट दिसतो, म्हणजे राणी काळ्या सोंगट्यांत हरवते. राणीवर खडूने एक ठिपका काढा, झालं.

बघणाऱ्यांसाठी: फातोर्ड्याच्या स्टेडियमवर एफसी गोवा ही फुटबॉल टीम नारिंगीत खेळते, समोरची टीम निळी किंवा पांढरी असली तर ठीक, हिरवी आली की घोटाळा. सुरुवातीलाच कोण कुठल्या गोलकडे खेळतंय ते बघून घ्या, शॉर्ट्स-मोजे बघा, आणि हाफ टाइमनंतर बाजू बदलते हे विसरू नका. टीव्हीवर क्रिकेटच्या डीआरएसमध्ये (अंपायरचा निर्णय परत तपासतात तेव्हा) लाल-हिरव्या पट्ट्यांकडे बघत बसू नका, त्यावर लिहिलेलं वाचा. अँड्रॉइडवर सेटिंग्ज, मग अ‍ॅक्सेसिबिलिटी, तिथे कलर करेक्शन मिळतं, आयफोनमध्ये कलर फिल्टर्स. एकेक लावून बघा, सगळ्यांना एकच मोड चालत नाही.

आणि ते महागडे रंगीत चष्मे? त्याने रंगांधळेपणा बरा होत नाही, काहींना काही रंग थोडे उठून दिसतात एवढंच. तेवढ्या पैशात अख्ख्या टीमचे निळे बिब येतील.